सनईला एक, चौघड्याला आठ

मी लग्नं वाजवते. खरं तर 'वाजवायची' असं लिहायला हवं, कारण यंदाच्या तुळशीच्या लग्नानंतर एकही नवी सुपारी घेणार नाही, असं मी घरात जाहीर केलंय. घरातल्या कुणाचा त्यावर विश्वास बसलेला नाही. सून म्हणाली, "आई, मागच्या वर्षीही हेच म्हणाल्या होत्या तुम्ही." मागच्या वर्षी मी उगाच म्हटलं होतं. यंदाचं खरं आहे. गुडघे माझे आहेत, तिचे नाहीत.

मेहकरात मला 'मंगलाष्टकवाल्या मॅडम' म्हणतात. आधी मी शाळेत संगीत शिकवायची. शाळेत संगीताचा तास म्हणजे गणिताच्या सरांना पोर्शन पुरा करायला मिळालेला फुकटचा तास, त्यामुळे मी नोकरी सोडली तेव्हा शाळेला दुःख झालं नाही आणि मलाही नाही. मग कीबोर्ड घेतला, पुढे लॅपटॉप घेतला, आणि जोडीला प्रल्हादभाऊ घेतले. प्रल्हादभाऊ पखवाज वाजवतात. हात सोन्याचा आणि तोंड मिरचीचं. मांडवात स्टेजच्या डाव्या अंगाला आमचं टेबल असतं. भटजी बाकीचे विधी करतात, मी मंगलाष्टकं चालीवर म्हणते आणि म्हणता म्हणता वाजवतेही.

लोकांना वाटतं लॅपटॉपमध्ये सगळं भरून ठेवलेलं असतं आणि मी नुसतं बटण दाबते. एका वरपित्यानं तर मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही कायले एवढ्या उन्हात तकलीफ घेता? पेन ड्राइव्ह पाठवून द्या ना!" मी म्हटलं, "हाव, अन् नवरदेवाचाही फोटोच पाठवा." त्यानंतर त्यांनी बोलणं बंद केलं, पण सुपारी दिली.

तर आधी हे सांगते की त्या लॅपटॉपात असतं काय. त्यात एक मोठं सॉफ्टवेअर असतं, ते म्हणजे रिकामं घर. त्या घरात एकेक वाद्य वेगळं आणून बसवायचं. सनई वेगळी, तंबोरा वेगळा, चौघडा, घंटा, संतूर, पियानो, व्हायोलिनचा ताफा, सगळं वेगवेगळं. या प्रत्येकाला प्लगइन म्हणतात. मी कीबोर्डची पट्टी दाबली की ज्या वाद्याला मी सांगितलंय ते आतून वाजतं. पायाखाली एक पेडल असतं. ते दाबून धरलं की हात उचलला तरी सूर चालूच राहतो.

आता प्रत्येक वाद्याच्या खिडकीत एका कोपऱ्यात एक आकडा असतो. पॉलिफनी. म्हणजे त्या वाद्यानं एका वेळी जास्तीत जास्त किती सूर वाजवायचे. आकडा बत्तीस असेल तर बत्तीस सूर एकदम वाजतील, तेहतिसावा आला की आतला सगळ्यात जुना सूर गुपचूप कापला जातो. हे झालं एका वाद्याचं. पण लॅपटॉपची ताकद सगळ्यांना मिळून एकच. टाकी एक आणि नळ दहा, असा हिशोब. सगळ्यांनी एकदम पूर्ण नळ सोडले की कुणालाच पाणी मिळत नाही. ही एवढी साधी गोष्ट, पण मला ती कळायला मोताळ्याचं लग्न लागलं.

ते लग्न कुसुमताईंच्या थोरल्या मुलीचं, वैशालीचं. कुसुमताईंचं माहेर मेहकर, दिल्या घरी त्या मोताळ्याला. स्वतःच्या मळ्यातली वांगी-मिरच्या घेऊन आठवडी बाजारात बसतात, आणि बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारली तर मधली माणसं वाट देतात असा आवाज. नवरा मुका वाटावा इतका शांत. थोरलीच्या लग्नात त्यांना मंगलाष्टकं 'शहरातल्यासारखी' हवी होती. माहेरची ओळख म्हणून मला बोलावलं.

माझा लॅपटॉप तेव्हा नवा होता. ज्यानं सॉफ्टवेअर बसवून दिलं त्यानं सगळ्या वाद्यांना एकच आकडा टाकून दिला होता, चौसष्ट. मी विचारलं, सगळ्यांना सारखाच? तर म्हणाला, "मॅडम, भरपूर ठेवलाय, टेन्शनच नाही." मला ते पटलं. वर्गात वीस वर्षं मी कुणाला झुकतं माप दिलं नव्हतं, इथे कशाला देऊ! आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मी हौसेनं व्हायोलिनचा नवा ताफा बसवला. कानाला काय गोड! पण त्याची एक पट्टी दाबली की आतून चार-चार आवाज एकदम निघतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी आपली बोटं मोजत होते.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामातला कळीचा क्षण सांगायला हवा. सगळी अष्टकं होतात, शेवटचं 'शुभमंगल सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात, आणि कुणीतरी ओरडतं, "वाजवाऽऽ!" त्या क्षणी जे जे वाजू शकतं ते सगळं वाजलं पाहिजे. जुनी माणसं सांगतात, एवढा गजर अशासाठी की त्या घडीला वधूवरांच्या कानावर काही अशुभ पडू नये. कुणाचं रडणं, कुणाचं भांडण, कुणाची शिंक. अर्धा मिनिट. अख्खं लग्न त्या अर्ध्या मिनिटासाठी असतं, आणि माझी सुपारीही.

मोताळ्याला बाहेर बँडवालेही होते. पण "आत मॅडम आहेत ना" म्हणून ते आधीच पंगतीला बसले. प्रल्हादभाऊ पखवाज खाली ठेवून दोन्ही मुठींत अक्षता घेऊन उभे. त्यांनाही वाटलं, मॅडमची फौज आहे. मी 'सावधान' म्हटलं, पाय पेडलवर घट्ट रोवला आणि दोन्ही हातांनी सनई, चौघडा, घंटा, व्हायोलिन, जे होतं ते सगळं सोडलं. एक सेकंद असं काही दणकलं की माझ्याच अंगावर काटा आला. पेडल दाबलेलं, म्हणजे जुना एकही सूर मरत नव्हता, नवे येतच होते, आणि प्रत्येकाला चौसष्टपर्यंत जायची मोकळीक. मग स्पीकरमधून 'कर्रर्र' असा आवाज आला. मग काहीच नाही.

हॉलमध्ये सहाशे माणूस आणि चिडीचूप. अंतरपाट खाली, नवरानवरी समोरासमोर, सगळ्यांचे हात अक्षतांसाठी वर गेलेले. आणि त्या शांततेत नवरदेवाचे मामा शिंकले. साधीसुधी शिंक नाही. फेटा हलला.

बारा-पंधरा सेकंद गेले असतील. मला पाहुण्यांसमोर उघडं पडल्यासारखं वाटलं. मग प्रल्हादभाऊंनी हातातल्या अक्षता तिथेच टाकल्या आणि पखवाजावर झेप घेतली, मागून कुणीतरी "वाजवा बे!" म्हणून बँडवाल्यांना उठवलं, आणि ते हात न धुता धावत आले. पुढचं सगळं रीतसर झालं.

मला वाटलं होतं कुसुमताई आता बाजारातला आवाज काढतील. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं. मी वायरी गुंडाळत होते तेव्हा त्या जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "मॅडम, माह्या पोट्टीच्या डोक्यावर अक्षतेच्या आधी शिंक पडली."

मी शिकलेली बाई. शिंकेवर माझा विश्वास नाही. पण ते वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच. वर्षभरात जावई गाडीवरून पडला, पाय मोडला. कुसुमताईंचा फोन आला, "पाय मोडला त्याचा. म्हटलं तुम्हाले सांगावं." एवढंच. दोन वर्षं मूलबाळ नाही, पुन्हा फोन. त्या माहेरी आल्या आणि मेहकरच्या स्टँडवर दिसल्या की मी रसवंतीच्या मागे लपायचे. पन्नाशी ओलांडलेली, शाळेत पोरांना उभं करणारी बाई मी, आणि लपायचे! प्रल्हादभाऊ म्हणायचे, "मॅडम, तिची शिंक राहू द्या, तुम्हालेच सर्दी झाली." त्यांना हसायला काय जातं.

मोताळ्यानंतर मी घाबरून सगळ्या वाद्यांचा आकडा एकदम चारवर आणला. परत सगळ्यांना सारखाच. अक्कल गहाण ठेवली की माणूस एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडतो. लॅपटॉप आता बंद पडेना, पण वाजणं भिकारडं झालं. आणि ते कुणी पकडलं तर गुलाबबुवांनी.

गुलाबबुवा म्हणजे सनईवाल्या जोडीतले धाकटे. थोरला भाऊ सनई वाजवायचा आणि हे शेजारी बसून नुसता सूर धरायचे. सनईला जोडी लागते. एक जण गाणं वाजवतो, दुसरा एकच सूर न थांबता धरून ठेवतो. थोरले गेले आणि बुवांनी वाद्य पेटीत ठेवलं. मेहकरच्या एका लग्नात ते पाहुणे म्हणून आले होते. जेवण झाल्यावर हात पुसत माझ्या टेबलापाशी आले.

"बाई, तुमच्या सनईचा सूर धरणारा कुठी गेला?"

मी म्हटलं, "आहे की बुवा. मी डाव्या हाताच्या करंगळीनं धरलाच होता."

"नाई. सुरू होते अन् मंधातच मरते. चार ताना झाल्या का त्याचा गळा दाबल्या जाते. मी चाळीस साल सूरच धरला, मले नका सांगू. मी वाजवून राह्यलो तोवर कोणाले पत्ता नसे का मी हावो म्हणून. मी थांबलो का सगळा मांडव मागं वळून पाहे."

मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि डोक्यावर हात मारला. बुवांचं शंभर टक्के खरं होतं. आकडा चार. धरलेला सूर आणि गाणं, दोन्ही एकाच सनईतून. उजव्या हातानं भराभर तान घेतली की चाराची हद्द संपायची, आणि मग सगळ्यात जुना सूर कापला जायचा. आणि सगळ्यात जुना सूर म्हणजे तोच, पहिल्यापासून धरलेला!

मी बुवांना हे समजावून सांगितलं. त्यांनी कंटाळा न करता ऐकलं आणि विचारलं, "एका माणसाले तोंड किती?"

"एक."

"मंग त्याले चार सूर कायले देता? दोन माणसं बसवा. दोघाइले एक एक द्या. अन् चौघड्याले सनईएवढंच कसं पुरन? त्याची तं घुमच केवढी असते. तुम्ही सगळ्याइले एकाच मापानं कपडे शिवून राह्यल्या."

बुवांनी आयुष्यात लॅपटॉपला हात लावला नव्हता. आणि पैसे देऊन ज्याला बोलावलं होतं त्या तज्ज्ञाला हे सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी संगीत विशारद.

मग तो चैत्र मी त्यात घातला. एकेक वाद्य उघडायचं, एकटं वाजवायचं, आकडा कमी करत करत जायचं आणि कानाला जिथे खटकेल तिथे थांबून एक पायरी वर यायचं. दोन सनया वेगवेगळ्या बसवल्या, दोघींना एक-एक. एकच सूर असला की सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींडही कशी माणसाच्या फुंकरीसारखी वळते, हे मला तेव्हा कळलं. तंबोऱ्याला चार तारा, पण झंकार मागे रेंगाळतो, म्हणून सहा. घंटेला तीन. चौघड्याला मी सोळा दिले होते, तर असं लक्षात आलं की नवी टिपरी पडली की जुनीची घुम कापलेली ऐकूच येत नाही, आठात भागतं. पियानोला पेडल लागतं म्हणून चोवीस. आणि व्हायोलिनचा तो ताफा, माझा लाडका, त्याला बत्तीस, कारण त्याचे बत्तीस म्हणजे माझी आठच बोटं.

हे सगळं बेरजेत बसतं का ते पाहायचं तर मांडवातलं ऊन हवं. लॅपटॉप तापला की त्याची ताकद उतरते. म्हणून भर दुपारी गच्चीवर टेबल मांडलं, प्रल्हादभाऊंना छत्री घेऊन उभं केलं, आणि जोरात "शुभमंगल सावधान!" म्हणून सगळं सोडलं. एकदा, दोनदा, वीसदा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू जिन्यातून वर आल्या. "सुनंदाबाई, रोज कोणाचं लगन लावून राह्यल्या? आम्हाले आवतन नाई!" प्रल्हादभाऊ छत्रीआडून म्हणाले, "माहंच लावून राह्यल्या, पण नवरी पास नाई होऊन राह्यली."

त्यानंतर माझा लॅपटॉप एकदाही बसला नाही. लग्नं वाजली, चांगली वाजली. पण मोताळ्याकडून पुन्हा बोलावणं नाही, आणि 'सावधान' म्हणताना दरवेळी मला त्या मामांची शिंक आठवायची.

यंदाच्या उन्हाळ्याआधी कुसुमताईंचा फोन आला. मला वाटलं, परत काही मोडलं. तर म्हणाल्या, "धाकटीचं लगन हाय. पल्लवीचं. वडनेर भोलजीले, पोराच्या घरी. तुम्ही या."

मी म्हटलं, "कुसुमताई, मी? दुसरं कुणी चांगलं पाहा ना."

"दुसरं कोणी आणलं अन् नीट वाजलं, तं लोक म्हणतीन का थोरलीच्याच नशिबात खोट होती. तुम्हीच वाजवा, अन् नीट वाजवा. मंग लोक म्हणतीन, खोट मशीनीत होती."

"आणि परत बंद पडलं तर?"

मग म्हणाल्या, "तं मंग खोट माह्यातच. दोन्ही पोरी माह्याच हायेत." आणि फोन ठेवला.

मी प्रल्हादभाऊंना सांगितलं, ही सुपारी सोडून देते. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "सोडा! म्हणजे मरेपर्यंत रसवंतीच्या मांगं उभ्या राहाल. मी येतो. अन् या खेपेले अक्षता घरी जाऊन टाकीन, पखवाज खाली ठेवत नाई."

वैशाख. वडनेरला शेतात मांडव, मुहूर्त बाराच्या पुढचा आणि वर पत्र्यासारखं तापलेलं आभाळ. मी टेबलाजवळ कूलर मागून घेतला, लॅपटॉपच्या खाली विटा ठेवल्या, बाजूला ओलं फडकं टांगलं. कुसुमताई कुठे होत्या? मांडवाच्या दाराशी, बँडवाल्यांसमोर कमरेवर हात ठेवून. "आधी वाजवा, मंग जेवा. एकानं जरी पत्रावळीकडं पाह्यलं तं पाहा." तो बँड कवायतीसारखा उभा होता. नवऱ्या मुलाच्या मित्रांना मधेच त्यांचं डीजेचं गाणं लावायचं होतं. कुसुमताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

थोरली वैशाली पहिल्या रांगेत, मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, शेजारी नवरा. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. मागच्या रांगांत मोताळ्याची माणसं होती, तीच, त्या दिवशीची. दोन बायका माझ्याकडे बोट दाखवून बोलत होत्या. काय बोलत होत्या हे मला सांगायला नको.

मुहूर्त लांबला, कारण मुलाची आत्या यायची होती. पाऊण तास लॅपटॉप नुसता तापत बसला. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी असते, लॅपटॉपवर आत किती ओझं आहे ते दाखवणारी. हिरवी असली की खुशाल, लाल झाली की संपलं. पहिलं अष्टक सुरू केलं तेव्हा ती पिवळी झालेली. अजून चौघडा नाही, घंटा नाही, काही नाही, आणि पिवळी! गच्चीवर असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या अष्टकाला कूलर बंद पडला. गर्दीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला असेल. प्रल्हादभाऊंनी मानेनंच विचारलं, काय? मी मानेनंच सांगितलं, गेलं.

तोंडानं मी अष्टक म्हणत होते, कुणाला वाटावं बाई किती शांत. उजवा हात सुरावर, आणि डाव्या हातानं मी माऊस धरून एकेकाची खिडकी उघडत होते. सगळ्यांना एकच आकडा असता तर सगळ्यांनाच उपाशी ठेवावं लागलं असतं. आता मला निवडता येत होतं, आणि निवडणं जिवावर आलं होतं. तिसऱ्या अष्टकात पियानो चोवीसवरून दहा. पट्टी पिवळीच. चौथ्यात तंबोरा सहावरून चार. मग माझा लाडका व्हायोलिनचा ताफा. त्याला बत्तीसवरून सोळा केलं, आठ केलं, आणि मग सरळ बंदच करून टाकला. सनयांना हात लावला नाही. पट्टी हळूहळू हिरवी झाली. पाचव्या अष्टकाच्या मध्यावर मी चपला काढल्या आणि दोन्ही पाय खुर्चीखाली मागे अडकवून ठेवले, कारण माझ्या पायांवर माझा भरवसा नव्हता. पेडल दिसलं की ते दाबतात.

शेवटचं अष्टक आलं. 'शुभमंगल' म्हटलं, 'सावधान' म्हटलं, अंतरपाट खाली आला, आणि कुसुमताईंचाच आवाज दारातून आला, "वाजवाऽऽ!"

वाजलं. देवा, वाजलं! आधी सूर धरणारी सनई, तिच्यावर दुसरी, मग चौघडा, घंटा, प्रल्हादभाऊंचा पखवाज असा की वाटावं आज फोडतातच, आणि दारातून बँड. अर्धा मिनिट, एक मिनिट, दीड मिनिट. मी थांबेचना. भटजींनी हातानं पुरे पुरे केलं तेव्हा कुठे मी पट्ट्यांवरून हात उचलले. मधे कुणी शिंकलं असेल तर शिंकलं असेल. कुणाच्या बापाला ऐकू गेलं नसेल.

ताफा नव्हता हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. सुटले, एवढंच मनात येत होतं. सुटले बाई.

जेवणं सुरू झाल्यावर कुसुमताई टेबलापाशी आल्या. पदरानं घाम पुसत उभ्या राहिल्या. तेवढ्यात वैशाली मुलाला कडेवर घेऊन आली. मला वाटलं, आता हिचं ऐकून घ्यायचंय.

"मॅडम, छान झालं," ती म्हणाली. "पण माह्या लग्नासारखं नाई."

मी म्हटलं, "वैशाली, टोमणा मारायचा तर मार. तुझा हक्क आहे."

"टोमणा कायचा?" तिला खरंच कळलं नाही. "माह्या लग्नात अंतरपाट खाली झाला तं मी वर पाह्यलंच नव्हतं. हात बर्फ झाले होते भेवानं. आमच्या यायले एकदाच पाह्यलेलं, ते बी सगळ्याइच्या देखत. अन् एकदम सगळं शांत. मामा शिंकले. मी दचकून वर पाह्यलं, तं समोर हे हसू दाबून राह्यले होते. अन् हळूच म्हणे, 'घाबरू नको, मलेही काई समजून नाई राह्यलं.' मले बोललेलं त्यायचं पहिलं वाक्य ते. माहं भेवच गेलं. तुमचं ते बंद पडलं नसतं, तं मले ऐकूच आलं नसतं."

कुसुमताई तिच्यावर उसळल्या.

"मंग सहा सालात काऊन नाई सांगितलं वं तुनं?"

"तू इचारलं कवा?" वैशाली म्हणाली. "यायचा पाय मोडला तं शिंक, मले ताप आला तं शिंक. दरवेळी फोनवर आधी तूच रडे. मी सांगू कवा?"

मला हसू यावं की रडू, समजेना. सहा वर्षं मी आकडे तपासले, गच्चीवर ऊन खाल्लं, रसवंतीमागे लपले. त्या पोरीला एक फोन करून 'बाई, तुला काय वाटलं होतं गं?' एवढं विचारलं नाही. मी तिला म्हटलं, "अगं भवाने, एक चिठ्ठी तरी टाकायची!" आणि तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर, मला रडू फुटलं. प्रल्हादभाऊंनी गुपचूप माझ्या हातातली वायर काढून घेतली.

कुसुमताईंनी माफीबिफी मागितली नाही. त्या तसल्या बाईच नाहीत. थोडा वेळ त्या स्टेजकडे पाहत उभ्या राहिल्या. तिथे धाकटी पल्लवी नवऱ्याच्या शेजारी मान खाली घालून बसली होती, आणि तो बिचारा आपला दुसरीकडेच पाहत होता. कुसुमताईंच्या कपाळावर हळूहळू आठी चढली. त्या माझ्याकडे वळल्या.

"मंग मॅडम, आज एवढं दणकून कायले वाजवलं तुम्ही? त्यानं पोरीले काई म्हटलं असन, तं तिले ऐकू आलं असन का?"